निळ्या-राखी कोटाची पारख

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गणवेश जमवणारे लोक ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. त्या मानाने त्याच काळातील मुलामुलींच्या संघटनांचे गणवेश जमवणारे फार थोडे. कारण उघड आहे. सैनिकाच्या कोटावर पदकांच्या फिती असतात, पलटणीचे नाव असते, उत्तर आफ्रिकेची नाही तर नॉर्मंडीची एखादी हकिगत त्याला चिकटलेली असते, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात कापडापेक्षा हकिगतीला भाव अधिक. सोळा वर्षांच्या पोराने संध्याकाळी शाळेच्या पटांगणात कवायत करताना घातलेल्या कोटाला तो मान कुठून मिळणार? लीड्सला राहायला आल्यापासून मी मात्र याच दुय्यम समजल्या जाणाऱ्या कपड्यांच्या मागे लागलो आहे. अस्सल वस्तू कशी ओळखावी हा प्रश्न मला भारतातूनही अधूनमधून विचारला जातो, म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहे.

मूळ ओढ एन.सी.सी.ची, हे सांगायला हरकत नाही. आपली एन.सी.सी. १९४८ सालच्या कायद्याने उभी राहिली, पण तिच्यामागे ब्रिटिश राजवटीतील युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर होते आणि १९४२ मध्ये त्याचे नाव बदलून युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर झाले होते. महाविद्यालयात असताना आम्ही ज्या पट्ट्याचे बकल ब्रासोने घासत बसायचो, त्याचे भाऊबंद यॉर्कशायरच्या जुन्या बाजारात टोपलीत पडलेले दिसले, तेव्हा ती टोपली उपसल्याशिवाय पाय पुढे निघेना.

माझ्या संग्रहाचा गाभा एअर ट्रेनिंग कोअर या, मुलांना विमानदलासाठी तयार करणाऱ्या संघटनेचा आहे. तिची पूर्वज संघटना म्हणजे १९३८ साली एअर कमोडोर चॅमियर यांच्या पुढाकाराने एअर लीगने सुरू केलेले एअर डिफेन्स कॅडेट कोअर. ते सरकारी नव्हते. गावोगावच्या पुढाऱ्यांनी पैसा उभा करायचा, मुलांनी वर्गणी भरायची आणि रजेवरच्या किंवा निवृत्त वैमानिकांनी शिकवायचे, असा तो मामला होता. युद्ध सुरू झाल्यावर विमानदलाला शिकलेली, गणित येणारी, मोर्स कळणारी पोरे हवी झाली आणि ५ फेब्रुवारी १९४१ रोजी सरकारने ही व्यवस्था ताब्यात घेऊन एअर ट्रेनिंग कोअर स्थापन केले. राजे सहावे जॉर्ज त्याचे एअर कमोडोर-इन-चीफ झाले. पहिल्याच महिन्यात पथकांची संख्या चारशेच्या वर गेली. जुन्या संघटनेतील पहिल्या पन्नास पथकांना क्रमांकापुढे ‘एफ’ (फाउंडर, म्हणजे संस्थापक) हे अक्षर लावण्याचा मान मिळाला. लेस्टर शहराचे पथक त्यात पहिले. ते अक्षर एखाद्या कागदावर किंवा पथकाच्या छायाचित्रावर दिसले की विक्रेता किंमत चढवतो आणि या एका बाबतीत मला त्याचे फारसे चूक वाटत नाही.

संघटना इतक्या वेगाने वाढली की कपडे मागे पडले. १९४१ सालच्या सामूहिक छायाचित्रांत पुढच्या रांगेत गणवेशातली मुले आणि मागे शाळेच्या कोटातली मुले, असे दृश्य अनेकदा दिसते. साध्या कोटाच्या कॉलरवर लावायला म्हणून एक छोटा बिल्ला होता आणि कित्येक मुलांचा पहिला ‘गणवेश’ तोच. पुढे जो सरकारी कोट मिळाला तो विमानदलाच्याच निळ्या-राखी लोकरीचा, पण त्याची काटछाट वेगळी. विमानदलातील साध्या सैनिकाचा कोट छातीवर उघडा असे आणि आत सदरा व टाय दिसे. कॅडेटच्या कोटाची बटणे गळ्यापर्यंत लागत. डोक्यावर तिरकी घडीची टोपी आणि तिच्यावर पंख पसरलेल्या ससाण्याचा रुपेरी बिल्ला.

ही काटछाट नीट लक्षात ठेवली तर निम्मी फसवणूक टळते. कमी मापाचा, विमानदलातल्या एखाद्या बुटक्या सैनिकाचा कोट ‘कॅडेटचा’ म्हणून विकणे हा जुना धंदा आहे. त्या सैनिकांच्या बाहीवर खांद्याजवळ गरुडाचे विणलेले चिन्ह असे. ते उसवून टाकले तरी सुईची छिद्रे राहतात आणि चिन्हाखालच्या कापडाचा रंग भोवतालच्या कापडापेक्षा गडद राहतो. कोट खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरला की पक्ष्याची आकृती आपोआप दिसू लागते. दिव्याखाली, काउंटरवर, विक्रेता बोलत असताना ती दिसत नाही.

असे कोट आज इतके दुर्मीळ का, याचे उत्तर युद्धापेक्षा काटकसरीत अधिक आहे. कोट मुलाच्या मालकीचा नव्हता. मुलगा अठराचा झाला, सैन्यात गेला की कोट पथकाच्या कोठारात परत जाई आणि पुढच्या पोराच्या अंगावर चढे. माझ्याकडच्या एका कोटाच्या अस्तरावर शाईने लिहिलेली आडनावे एकाखाली एक खोडलेली आहेत. शेवटचे तेवढे खोडायचे राहिले. अगदी चिंध्या झाल्यावरही कापडाची सुटका नव्हती. माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या बॅटली आणि ड्यूज़बरी या गावांत जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याचा धंदा होता. बेंजामिन लॉ या गृहस्थाने बॅटलीत १८१३ च्या सुमारास तो सुरू केला आणि पुढे या गावांनी जगभरच्या जुन्या गणवेशांची कणीक तिंबली. तोच धंदा आज भारतात पानिपतला चालतो. पानिपत म्हटल्यावर आपल्याला दुसरेच काही आठवते, पण पाश्चात्त्य देशांतील जुने लोकरी कपडे तिथे येतात आणि त्यांच्या घोंगड्या होतात. कॅडेटांचे बहुसंख्य कोट अशाच एखाद्या यंत्रात गेले असणार, म्हणून जे उरले ते बहुधा कुणीतरी परत न केल्यामुळे उरले.

याचा परिणाम असा की संग्राहकाने चकचकीत, कुठेही न दुखावलेल्या, सगळे बिल्ले जागच्या जागी असलेल्या गणवेशाकडे संशयाने पाहावे आणि उसवलेल्या, वाढवलेल्या, रफू केलेल्या कोटाकडे आदराने. वाढत्या वयाच्या मुलाची बाही दर वर्षी सोडावी लागते. सोडलेल्या बाहीवर आधीच्या दुमडीची रेघ राहते. तिच्या खालचा भाग आत दुमडलेला असल्याने रंगाने ताजा असतो आणि वरचा उडालेला. ही रेघ खोटी तयार करणे अशक्य नाही, पण एवढे कष्ट घेण्याइतकी किंमत या कोटांना येत नाही, हे आपले भाग्य. हातशिलाईचे टाके पाहावेत. कारखान्यातील शिवण एकसारखी असते, आईने रात्री दिव्याखाली घातलेले टाके नसतात. बिल्ले मात्र आज कुणीही आणून कुठेही टाचू शकतो. लिलावाच्या यादीत ‘संपूर्ण संच’ असे लिहिलेले असते, तेव्हा टोपी एका ठिकाणची, कोट दुसऱ्या ठिकाणचा आणि बिल्ला तिसऱ्याच दशकातला, असेच बहुतेक वेळा निघते.

दशक ओळखण्याचे सोपे साधन म्हणजे बिल्ल्यावरचा मुकुट. सहाव्या जॉर्ज राजांच्या काळातील ट्यूडर मुकुटाच्या कमानी वर गोलाकार जातात. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजे वारले, राणी एलिझाबेथ यांनी सेंट एडवर्डचा मुकुट निवडला आणि त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. त्यामुळे मध्ये खळगा असलेला मुकुट युद्धकाळातील असूच शकत नाही, हा नियम इतकी वर्षे पक्का होता आणि अजूनही आहे. उलट बाजूने मात्र तो आता ढिला झाला आहे. राजे तिसरे चार्ल्स यांनी २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट घेतला, त्यामुळे नव्या बिल्ल्यांवर जवळजवळ तशाच गोल कमानी येऊ लागल्या आहेत. आणखी दहा वर्षांनी, हे बिल्ले थोडे मळले की, नवख्या माणसाची पंचाईत होणार आहे.

कापडावरच्या चिठ्ठीचे महत्त्व त्याहून मोठे. सरकारी मालावर तीन रेघांचा बाण असतो; विमानखात्याच्या मालावर मुकुटाखाली ‘ए’ आणि ‘एम’ ही अक्षरे असतात; चिठ्ठीवर माप, शिवणाऱ्या कारखान्याचे नाव आणि बहुधा वर्ष असते. लीड्स हे त्या काळी तयार कपड्यांचे मोठे केंद्र होते. हडसन रोडवरील मोंटेग्यू बर्टन यांच्या कारखान्यात ऐन भरात सुमारे दहा हजार माणसे काम करत आणि युद्धात तिथे सूटांऐवजी गणवेश शिवले जात. आज या शहरात त्या धंद्याची धुगधुगीच उरली आहे, पण ज्यांच्या आजीने किंवा मावशीने बटणांची काजे करण्यात उमेदीची वर्षे घालवली अशी माणसे अजून भेटतात. काज हातभर अंतरावरूनही ओळखण्याची त्यांची नजर आहे. कोट घेऊन त्यांच्याकडे जावे. पुस्तकांत नाही ते कळते.

धाग्याची परीक्षा जरा नाजूक आहे. पॉलिएस्टरचा शोध व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ मध्ये इंग्लंडातच लावला, पण टेरिलीन या नावाने तो बाजारात आला पन्नासच्या दशकात. म्हणून मूळ शिवणीत पॉलिएस्टरचा दोरा निघाला तर तो कोट युद्धातला नव्हे. अतिनील दिव्याखाली कृत्रिम दोरा चमकतो, लोकर आणि साधा सुती दोरा चमकत नाही, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. युद्धानंतर धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारी रसायने आली आणि साठच्या दशकात एकदा धुतलेला १९४२ चा अस्सल सुती ब्लाउजही त्या दिव्याखाली लखलखतो. नुसत्या दिव्यावर विसंबून चांगली वस्तू नाकारणारे संग्राहक मी पाहिले आहेत. दिवा प्रश्न विचारतो, उत्तर शिवणीत शोधावे लागते.

भूदलाच्या कॅडेटांच्या संघटनेचे आर्मी कॅडेट फोर्स हे नाव १९४२ सालचे. त्या मुलांना सरकारकडून खाकी बॅटलड्रेस, म्हणजे सैनिकांचा आखूड लोकरी कोट (त्यालाच ‘ब्लाउज’ म्हणतात) आणि पँट, मिळू लागला. यात फसवणुकीला वाव अधिक, कारण बॅटलड्रेस लाखोंनी शिवला गेला आणि युद्धानंतरही वर्षानुवर्षे शिवला जात राहिला. उघड्या कॉलरचा १९४९ च्या नमुन्याचा ब्लाउज नाटक-सिनेमावाले आणि हौशी मंडळी वर्षानुवर्षे वापरत आली आहेत, त्याची कॉलर बंद करून तो ‘युद्धातला’ म्हणून फिरतो. यॉर्कशायरमध्ये चाळीसच्या दशकाचे जे उत्सव भरतात, त्यांच्यासाठी प्रामाणिकपणे शिवलेल्या आणि प्रतिकृती म्हणूनच विकलेल्या कपड्यांचेही तेच होते. दोन-तीन हात बदलेपर्यंत ‘प्रतिकृती’ हा शब्द गळून पडतो. सी कॅडेटांविषयी एवढेच सांगतो की १९४२ मध्ये नौदल खात्याने त्यांची जबाबदारी घेतली. त्यांचे कपडे माझ्याकडे फारसे नाहीत, म्हणून अधिक बोलत नाही.

मुलींच्या गणवेशांविषयी मात्र बोलायलाच हवे, कारण संग्रहालयांतही त्यांना कमी जागा मिळाली आहे. डिसेंबर १९४१ मध्ये सरकारने ठरवले की सोळा ते अठरा वयाच्या मुलामुलींनी नावे नोंदवावीत. कोणत्याही संघटनेत जाण्याची सक्ती नव्हती, पण नोंदणीनंतर त्यांना बोलावून ‘कुठेतरी सामील व्हा’ असे समजावले जाई. या लाटेत गर्ल्स ट्रेनिंग कोअर फोफावले. पांढरा ब्लाउज, गडद निळा स्कर्ट, टाय आणि घडीची टोपी असा त्यांचा वेश होता. निवड हुशारीची होती. बऱ्याच मुलींकडे शाळेचा पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट होताच, आणि १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन होते: पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने, पुढे त्याहून कमी, आणि हे सगळे संपायला मार्च १९४९ उजाडला. परिणामी या गणवेशाचे आज करायचे काय, हा संग्राहकाचा खरा पेच आहे. टोपी आणि बिल्ला काढून ठेवला की उरतो तो कुठल्याही मुलीचा ब्लाउज. त्यावर दोन अर्धवट कापलेल्या चकत्यांसारखे ‘सी.सी. ४१’ हे सरकारी चिन्ह असले की विक्रेते ‘१९४१ चा’ म्हणून सांगतात. वास्तविक ते चिन्ह १९५२ पर्यंत वापरात होते.

अशा वेळी कपड्यापेक्षा तो घालणारी व्यक्ती महत्त्वाची ठरते. ब्रॅडफर्डजवळच्या एका वृद्ध बाईंनी मला त्यांचा स्कर्ट, टोपी आणि एक छायाचित्र दिले, त्याबरोबर एक प्रश्नही केला. “या स्कर्टमधून मी पुढे नोकरीवर जायची,” त्या म्हणाल्या, “मग तो गणवेश कसला?” त्यांचे म्हणणे मला अजूनही खोडता आलेले नाही. मागच्या शिवणीत कंबर वाढवलेली आहे, खिसा नंतर जोडला आहे, आणि छायाचित्रातला स्कर्ट तोच आहे हे खालच्या काठाच्या टाक्यांवरून कळते. संग्रहालयाला कदाचित हा फेरफार अडचणीचा वाटेल; मला तो त्या वस्तूचा दाखला वाटतो. गर्ल गाइड्सच्या त्रिकोणी टायचेही असेच. तो उलगडला की हाताला झोळी बांधायची पट्टी होत असे, त्यामुळे त्यावरच्या डागांना धुण्याची घाई करू नये.

हवाई हल्ल्यांच्या काळात सायकलवरून निरोप नेणाऱ्या मुलांचा, त्यांत स्काउटही पुष्कळ होते, वेश म्हणजे बऱ्याचदा एक शिरस्त्राण आणि दंडावरची पट्टी. वेस्ट ब्रॉमविच येथील चॅरिटी बिक ही चौदा वर्षांची मुलगी वय सोळा सांगून निरोप्या झाली, नोव्हेंबर १९४० च्या हल्ल्यात बॉम्ब पडत असताना सायकलवरून फेऱ्या करत राहिली आणि जॉर्ज मेडल हे शौर्यपदक मिळवणारी सर्वांत लहान व्यक्ती ठरली. दंडपट्ट्या मात्र मी विकत घेत नाही. त्या इतक्या सोप्या आहेत की कुणीही दुपारच्या वेळात शिवू शकतो.

आणखी एक गोष्ट मी घेत नाही आणि तिच्याविषयी विचारणा सर्वांत जास्त येते: हिटलर युवक या नाझी पक्षाच्या मुलांच्या संघटनेचे सदरे, चाकू, त्रिकोणी चिन्हे. व्यवहार म्हणून पाहिले तर तो बाजार बनावट मालाने भरलेला आहे, कारण पैसा तिथे आहे. पक्षाच्या वस्तुपुरवठा कचेरीचे संकेतांक, चिठ्ठ्या, शिक्के, सगळ्याच्या नकला निघाल्या आहेत. पण माझे खरे कारण व्यवहाराचे नाही. १९३६ च्या कायद्याने आणि १९३९ च्या आदेशाने जिथे दहा वर्षांच्या पोरांनाही भरती व्हावे लागले, जिथे कॅथलिक मुलांच्या संघटनांना १९३५ मध्येच गणवेश घालण्याची बंदी झाली, तिथल्या कपड्याचा अभ्यास जरूर व्हावा आणि तो संग्रहालयात व्हावा. आपल्याकडे पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचे आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. ज्यांना त्या माणसाच्या ‘शिस्ती’चे कौतुक वाटते, त्यांच्या दिवाणखान्यात शोभेची भर घालण्याची माझी इच्छा नाही.

कोटाबरोबर कागद मिळाले तर कोटाहून कागद आधी उचलावेत. एअर ट्रेनिंग कोअरच्या कॅडेटकडे फॉर्म ३८२२ ही नोंदवही असे. हजेरी, परीक्षा, नेमबाजी, विमानातून केलेली फेरी, सगळे तीत असते. त्या वह्यांतून युद्धाच्या उत्तरार्धातील एक विचित्र वळण वाचायला मिळते. डिसेंबर १९४३ पासून मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी कोळशाच्या खाणींसाठी चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. टोपीतून एक अंक काढायचा आणि ज्याच्या नोंदणीक्रमांकाच्या शेवटी तो अंक असेल त्याने सैन्याऐवजी खाणीत जायचे. विमानचालक म्हणून ज्यांची आधीच निवड झाली होती ते वगळले गेले, पण नुसते कॅडेट असणे ही सवलत नव्हती. नकाशावाचन, मोर्स आणि विमानांच्या आकृत्या घोकलेली मुले अठराव्या वर्षी जमिनीखाली गेली. या ‘बेव्हिन बॉइज’ना गणवेश नव्हता, धडधाकट तरुण साध्या कपड्यांत दिसला की पोलीस त्याला हटकत आणि पळपुटा समजणारेही भेटत. सरकारने त्यांच्यासाठी बिल्ला जाहीर केला तो २००७ मध्ये. माझ्याकडे एका अशा मुलाची नोंदवही आणि पथकाचे छायाचित्र आहे, कोट अर्थातच नाही, तो त्याने नियमाप्रमाणे परत केला होता. संग्रह पाहायला येणारे लोक तो कप्पा भराभर पुढे सरकवतात, आणि मी दर वेळी तो पुन्हा मागे ओढतो.

जपणुकीचे थोडक्यात सांगतो. लोकरीचा खरा शत्रू कसर. नवा आलेला कोट घरात इतरांजवळ ठेवण्याआधी हवाबंद पिशवीत घालून उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बिल्ल्याला पॉलिश लावू नये, आमच्या एन.सी.सी.तील हवालदारांना हे वाक्य पटणार नाही, पण पॉलिशची पांढरी भुकटी कापडात जाऊन बसते आणि धातूवरचे अक्षर झिजते. कोट हँगरवर टांगण्यापेक्षा आम्लरहित कागदाच्या घड्या आत घालून पेटीत आडवा ठेवावा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सुचवावेसे वाटते. शेजारचे एखादे वृद्ध जोडपे घर रिकामे करत असेल, माळ्यावरून असा एखादा कपडा निघाला आणि तुम्हाला विचारले, तर तो धुऊ नका, चिठ्ठी कापू नका, आणि घालणाऱ्याचे नाव, गाव व पथकाचा क्रमांक तेवढ्यातच कागदावर उतरवून घ्या. विमानदलाच्या कॅडेटांची कित्येक पथके आजही त्याच क्रमांकाने चालू आहेत आणि क्रमांक सांगितला की त्यांच्या जुन्या हजेरीपटात किंवा भिंतीवरच्या छायाचित्रात त्या मुलाला शोधायला ते सहसा तयार असतात.